पाटाची वाट

नानांची सायकल अजून आमच्या पडवीत उभी आहे. काळी हर्क्युलस, चोवीस इंची, मद्रासच्या कारखान्यात बनलेली. १९६४ साली नानांनी ती निफाडला घेतली आणि गावापर्यंत हातात धरून चालत आणली, कारण त्यांना ती चालवता येत नव्हती. नाना पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. साहेबांनी सांगितलं होतं, सायकल घेतली तर भत्ता मिळेल. म्हणून माझा बाप पस्तिसाव्या वर्षी पाटाच्या भरावावर सायकल शिकला. एकदा उजवीकडं पडले ते बाभळीत, एकदा डावीकडं पडले ते पाण्यात. आजी म्हणायची, "सरकारनं माझ्या पोराला मारायचं यंतर दिलं."

आमचं गाव गोदावरीच्या डाव्या कालव्यावर. कालवा हा कागदावरचा शब्द, तोंडातला शब्द पाट. पाटाच्या कडेनं खात्याची एक वाट जाते. ती माणसांसाठी केलेली नाही, पाटावर लक्ष ठेवण्यासाठी केलेली आहे. पण सायकलवाल्याला तिच्यासारखी वाट नाही. पाट टेकाड चढत नाही, खड्ड्यात उतरत नाही. जमिनीचा कल धरून, मैलामागं जेमतेम फूटभर उतार ठेवून, वळणं घेत जातो. त्याच्या कडेची वाटही तशीच. दिवसभर सायकल मारली तरी मांडीला चढ लागत नाही. वारा समोरून असला तर गोष्ट वेगळी.

या वाटेवर मी लहानपणी नानांच्या मागं कॅरिअरवर बसून हिंडलो. मग मास्तर झालो, सायकल सुटली, मोटारसायकल आली. पुन्हा त्या सायकलवर बसेन असं वाटलं नव्हतं. बसवलं ते तात्यांच्या नातवानं. तात्या म्हणजे नानांचे धाकटे भाऊ, माझे चुलते. त्यांचा नातू नाशिकला एका कंपनीत आहे. कंपनीनं त्याला सहा महिने फ्रान्सात तुलूजला पाठवलं होतं. तिथून आला तो एकच गोष्ट सांगत बसला.

"काका, तिकडं एक पाट आहे, दोनशे चाळीस किलोमीटर. दोन्ही बाजूंनी झाडं, कडेनं वाट, अन् पलीकडं नजर जाईल तिथवर द्राक्षं. लोक आठ-आठ दिवस सायकलवर त्या काठानं जातात. पैसे देऊन! मला सारखं आपलं गाव आठवायचं."

मी म्हटलं, "मग आपल्या पाटावरून कधी गेलास का?"

तो गप्प बसला. गेला नव्हता. त्याच्या वयाचं कोणीच गेलेलं नाही. म्हणून ठरलं, माघात जायचं. त्यानं आपली गिअरची सायकल काढली, मी नानांच्या हर्क्युलसला नवीन टायर-ट्यूब टाकल्या, ब्रेकचे रबर बदलले. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, ही आता म्युझियमला द्या." नाशिक हे आता सायकलवाल्यांचं शहर झालंय. २०१५ साली नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी अमेरिका आडवी ओलांडायची सायकल शर्यत पुरी केली, तेव्हापासून तर घरटी एक सायकल झाली म्हणायची. पण त्या सायकली एका बोटानं उचलतात. आमची उचलायला बैलाची ताकद लागते.

सुरुवात गंगापूर धरणापासून केली. सकाळी सातला गारठा चांगलाच होता. धरणाच्या आजूबाजूला आता वायनरी आहेत, हॉटेलं आहेत. मुंबईची पोरंपोरी वेलींच्या रांगांतून फोटो काढत हिंडत होती. पुतण्याला हे ओळखीचं. तो म्हणाला, "काका, हे बघा, अगदी तिकडच्यासारखं."

तिकडच्यासारखं खरं, पण इथं हे सारं कालपरवाचं आहे. राजीव सामंतांनी गंगापूरच्या या माळावर वाइनची द्राक्षं लावली ती १९९७ च्या सुमारास. पहिली बाटली बाजारात आली २००० साली. त्याआधी पिंपळगाव बसवंतला आणि पुणे जिल्ह्यात नारायणगावला वाइनचे कारखाने निघाले होते, पण शेतकऱ्याच्या बांधापर्यंत ती गोष्ट आली नव्हती. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, अबकारी करात सवलत दिली, आमच्या निफाड तालुक्यात विंचूरला वाइन पार्क काढला. मग मात्र हवा झाली. खायच्या द्राक्षाला दर साली व्यापाऱ्याच्या दाढीला हात लावायचा. वाइनवाल्यांचा करार कागदावर, भाव कागदावर, सगळं आधी ठरलेलं.

आमच्या तात्यांच्या मुलानं, म्हणजे याच्या वडिलांनी, २००५ साली एक एकर लावली. त्यावरून घरात केवढं रामायण झालं! आमचं घर माळकरी. तात्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, वर्षाची वारी चुकली नाही. ते म्हणाले, "आपल्या रानातून दारू जायची नाही." मुलगा म्हणाला, "तात्या, आपण द्राक्षं विकतो. पुढं त्याचं कोण काय करतो, ते आपल्याला काय? ऊस नाही का घालत कारखान्याला? त्याच्या मळीचं काय होतं?" तात्यांना उत्तर सुचलं नाही. पण त्या एकरात त्यांनी पाय ठेवला नाही.

वाइनचं द्राक्ष वेगळं. खायच्या द्राक्षाला मांडव लागतो, वेल डोक्यावर पसरतो, खाली सावली. वाइनचा वेल तारेवर उभा, कुंपणासारखा. मणी बारीक, साल जाड, आत बी. खायचं द्राक्ष अठरा ब्रिक्सला तोडतात, हे बावीस-चोवीसपर्यंत थांबवायचं. आणि मुख्य म्हणजे ते दुसऱ्या कशाच्या कामाचं नाही. बाजारात कोणी घेत नाही, त्याचा बेदाणा होत नाही. ज्याच्याशी करार त्यालाच द्यायचं. ही अट कराराच्या कागदावर नव्हती, वेलीतच होती.

तीन वर्षं पैसे मिळाले. २००८ साली जगात मंदी आली, वर्षअखेरीला मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. पिणाराच नाही म्हटल्यावर बाटल्या पडून राहिल्या, टाक्या भरलेल्या राहिल्या. करार करणाऱ्या वायनरीनं पहिल्या साली निम्मा माल नेला, दुसऱ्या साली फोन उचलणं बंद केलं. २०१० च्या मार्चमध्ये तो माल वेलीवरच वाळला. मधमाश्या आणि पाखरं तेवढी खूश. मे महिन्यात जेसीबी आणून बाग उपटली. तालुक्यात अशा कितीतरी बागा त्या दोन वर्षांत निघाल्या. ज्या दिवशी जेसीबी आला त्या दिवशी तात्या पहिल्यांदा त्या एकरात गेले. बांधावर बसून राहिले. मुलाला एक शब्द बोलले नाहीत.

पुतण्या तेव्हा बारावीला होता. त्याच्या इंजिनिअरिंगची फी कर्ज काढून भरली. हे सगळं त्याला माहीत होतं. तरी त्या हॉटेलपुढं सायकल टेकवून तो म्हणाला, "काका, एक घोट घ्यायचा का? आपल्या बापानं पिकवलं अन् आपण कधी चाखलं नाही." मी म्हटलं, "तू घे. मला अजून साठ किलोमीटर ती सायकल ओढायचीय." त्यानंही घेतली नाही. का, ते मी विचारलं नाही.

गंगापूर धरण १९६५ साली पुरं झालं, त्याचा डावा कालवा नाशिकच्या बाजूनं खाली उतरतो. जिथं वाट होती तिथं पाटानं, जिथं नव्हती तिथं डांबरीनं, असं करत मखमलाबादवरून निघालो. शहर इतकं पसरलंय की पाट कुठं संपतो अन् गटार कुठं सुरू होतं कळत नाही. आडगावच्या पुढं पुन्हा बागा लागल्या. खायच्या द्राक्षांच्या, तोडणी चालू असलेल्या. पेठ-सुरगाण्याची माणसं कैच्या घेऊन मांडवाखाली वाकलेली, क्रेटच्या थप्प्या, पिकअप उभे. मांडवाच्या लोखंडी अँगलवर, पानांवर निळसर डाग. पुतण्यानं विचारलं, हे काय. शेतकऱ्याचा नातू, पण हातानं कधी फवारणी केली नाही.

ते बोर्डो. मोरचूद अन् चुना. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. मिश्रण जमलं की नाही ते बघायला आमचे लोक त्यात विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. या औषधाचा शोध रस्त्याच्या कडेलाच लागला. फ्रान्सात बोर्दो भागातले शेतकरी रस्त्यालगतच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे, वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. निळी द्राक्षं बघून माणूस हात लावत नसे. तिकडं डाऊनी आला आणि सगळ्या बागांची पानं गळाली, तेव्हा मिलार्दे नावाच्या वनस्पतीच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या वेली तेवढ्या हिरव्या आहेत. १८८५ साली त्यानं ते जगाला सांगितलं. चोराच्या भीतीनं केलेलं औषध आज आमच्या तालुक्याची बाग वाचवतं. पुतण्या हसला. मला मात्र चोरीचा विषय निघाला तसं दुसरंच आठवायला लागलं होतं. पण ते उद्या.

आमच्याकडं द्राक्ष आलं तेही वाइनच्या कितीतरी आधी. ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाडांनी १९२५ च्या सुमारास सुरुवात केली असं सांगतात. तेव्हाच्या जाती भोकरी, साहेबी, बियांच्या. थॉमसन सीडलेस नंतर आलं. मूळ इराण-तुर्कस्तानाकडचं हे द्राक्ष, कॅलिफोर्नियात थॉमसन नावाच्या माणसानं वाढवलं म्हणून त्याचं नाव लागलं. तिथून फिरत फिरत ते आमच्या काळ्या मातीत आलं अन् आमचंच होऊन गेलं.

मुक्काम चांदोरीला बहिणीकडं केला. ती म्हणाली, "दोघंबी येडे झाले का? बस बंद पडल्या का काय?" रात्री तिनं भिंतीवरची पाण्याची खूण दाखवली. २०१९ च्या पुराची. नांदूर-मधमेश्वरचा बंधारा गाळानं भरलाय, त्यामुळं मोठं पाणी आलं की फुगवटा मागं चांदोरी-सायखेड्यात शिरतो. ज्या बंधाऱ्यानं खालच्या गावांना पाणी दिलं, तोच वरच्या गावांत पाणी घालतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताना बंधाऱ्यावर पोचलो. गोदावरी अन् कादवा इथं भेटतात. नदीत मध्यमेश्वराचं देऊळ आहे. गाळावर पाणथळ झाली, पाणथळीवर पाखरं आली. १९८६ साली पक्षी अभयारण्य झालं, पुढं रामसर यादीत महाराष्ट्रातलं पहिलं नाव याचंच लागलं. दुर्बिणी घेतलेली माणसं धुक्यात उभी होती. त्यांना पाखरं दिसत होती, मला दगड दिसत होते.

कारण हे दगड आजीच्या सासूनं वाहिले. फ्रान्समधला तो पाट रिके नावाच्या माणसानं राजाच्या परवानगीनं खणला, १६८१ साली वाहता झाला. कशासाठी? नावा जाव्यात म्हणून. एका समुद्राकडून दुसऱ्या समुद्राकडं माल न्यायचा, दारूची पिंपं न्यायची. काठाची वाट घोड्यांसाठी, घोडे दोरानं नाव ओढायचे. आज त्या वाटेवर सायकली चालतात. आमचा पाट व्यापारातून नाही निघाला, भुकेतून निघाला.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा. दख्खनमध्ये माणसं अन् गुरं किड्यामुंग्यांसारखी मेली. सरकारनं १९०१ साली स्कॉट-मॉनक्रीफ साहेबांच्या हाताखाली पाटबंधाऱ्यांचं कमिशन नेमलं. त्यांचा अहवाल १९०३ साली आला. पंजाबात पाट काढला तर सरकारला नफा होतो, दख्खनमध्ये होत नाही, पण इथं पाट काढले नाहीत तर दर दुष्काळात छावण्या उघडाव्या लागतील, असा तो हिशोब होता. त्यातून सह्याद्रीच्या पायथ्याला धरणं झाली. प्रवरेवर भंडारदरा, आमच्या वर दारणा. दारणा १९१६ साली पुरं झालं. दारणेचं पाणी नदीनं खाली सोडायचं, नांदूर-मधमेश्वरला बंधाऱ्यानं अडवायचं आणि तिथून दोन पाट काढायचे. डावा सुमारे नव्वद किलोमीटर, उजवा सुमारे एकशे दहा, दोन्ही नगर जिल्ह्यात कोपरगाव-राहात्याकडं.

आजीची सासू त्या कामावर पाटी उचलायला होती. ती सांगायची, पाटाला पहिलं पाणी सुटलं तेव्हा लोकांनी नारळ फोडले, हळदकुंकू वाहिलं, पण शेताला पाणी घेतलं नाही. हे सगळ्याच दख्खनी पाटांचं झालं. पाऊस बरा झाला तर पाणी कोण घेणार? पाणीपट्टी कोण भरणार? बाजरी-ज्वारीला पाणी पाजायचं हे डोक्यातच नव्हतं. पाऊस गेला की मात्र सगळे एकदम पाटावर. मुंबई इलाख्यात तेव्हा विश्वेश्वरय्या इंजिनिअर होते. नोकरीची सुरुवातच त्यांनी आमच्या नाशिक-खानदेशकडं केली होती. त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत बसवली. ठराविक रानाला काही वर्षं पाण्याची हमी द्यायची, पण त्यातल्या ठराविक हिश्शातच ऊस, बाकीला कमी पाण्याची पिकं. ती पद्धत पुढं इतर पाटांवर गेली. उसाबरोबर साखर कारखाने आले, कोपरगावकडं साकरवाडी वसली. जिथं पाणी अति झालं तिथं रानं चिबड झाली, वर मीठ फुललं. पाट देतो तसा घेतोही.

आता आमची वाट लागली. म्हणजे खरोखरची वाट. बंधाऱ्यापासून थोडं अंतर ठीक होतं, मग वेडी बाभूळ दोन्हीकडून आत आली. पुतण्याच्या सायकलला तीन पंक्चर झाली, माझ्या जाड टायरला एकही नाही. पाटात पाणी होतं, आवर्तन चालू होतं. जागोजागी पाइप सोडलेले, मोटारी घरघरत होत्या. "काका, हे कायदेशीर आहे का?" मी म्हटलं, "काहींनी सात नंबरचा फॉर्म भरलेला असतो. काहींनी नुसता पाइप भरलेला असतो."

सात नंबरचा फॉर्म म्हणजे पाणी मागणीचा अर्ज. नानांच्या पिशवीत त्यांची चळत असायची. पाटकऱ्याचं काम दिसायला साधं. पाटावर हिंडायचं, भरावाला घूस लागली का बघायचं, चाऱ्यांची दारं वेळेवर उघडायची, वेळेवर लावायची. पण पाळी आली की रात्रीचा खरा खेळ. वरच्या अंगाचा माणूस दार वेळेवर लावू देत नाही, टेलचा माणूस कोरडा राहतो. टेलवाला शिव्या देतो त्या पाटकऱ्याला. नाना रात्री दिवा न लावता सायकल मारायचे. दिवा लावला की चोर सावध. अंधारात पाण्याच्या आवाजावरून त्यांना कळायचं कुठं भगदाड पाडलंय. पाट नीट वाहतो तेव्हा आवाज करत नाही. आवाज आला की समजायचं, पाणी पाटाबाहेर चाललंय.

एका वळणावर जुनी दगडी मोरी आहे. तिच्यापुढं शंभर पावलांवर मी उतरलो. पुतण्याला वाटलं मी थकलो. मी म्हटलं, "बस. इथली एक गोष्ट तुला सांगायची आहे."

१९७२ चं साल. मी चौदा वर्षांचा. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. माणसं खडी फोडायला जात होती, सुकडी मिळत होती, रेशनला मिलो. दारणेत पाणी थोडं, पाटाला एकच पाळी मिळणार होती अन् तीही मोजून. कोरड्या टेलची माणसं नानांकडं रोज यायची. त्या हिवाळ्यात एका रात्री मी नानांची भाकरी घेऊन याच वाटेनं सायकलवर, नळीतून पाय घालून, चाललो होतो. या जागी मला पाणी ऐकू आलं. खाली तात्यांचं रान. अर्ध्या एकरात त्यांनी कडवळ लावलं होतं, बैलांसाठी. ते रान अंधारात चकाकत होतं.

नाना पुढच्या चौकीवर भेटले. मी भाकरी सोडताना सहज म्हणालो, "तात्यांचं रान भिजतंय." मला वाटलं, नाना म्हणतील बरं झालं. बैल वाचतील. नानांनी भाकरी तशीच बांधली. सायकल घेतली आणि गेले. मला चौकीवर बसवून गेले.

त्यांनी भगदाड बुजवलं आणि सकाळी रिपोर्ट लिहिला. सख्ख्या भावाचा. पंचनामा झाला, दंडाची पाणीपट्टी बसली. ती भरायला तात्यांनी एक बैल विकला. दुष्काळात बैलाचा काय भाव येणार? ज्या बैलासाठी पाट फोडला तोच गेला. आजीनं नानांना विचारलं, "दुसरा कोणी असता तर काय केलं असतं?" नाना म्हणाले, "रिपोर्ट." आजी म्हणाली, "हा दुसरा होता का?" त्याला नाना काही बोलले नाहीत. दोघं भाऊ अकरा वर्षं बोलले नाहीत. १९८३ साली आजी गेली तेव्हा तिच्या मढ्याला खांदा देताना पुढं दोघं शेजारी उभे राहिले, मग हळूहळू येणं-जाणं झालं. पण नानांना कोणी सांगितलं, हे मी कोणाला बोललो नाही. तात्या २०१४ साली गेले. त्यांनाही सांगितलं नाही. एकावन्न-बावन्न वर्षं ते मी असंच वागवलं.

पुतण्यानं सगळं ऐकलं. पाण्यात एक खडा टाकला. मग म्हणाला, "काका, तात्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही सांगितलं ते. त्यांनी तुम्हाला जाताना बघितलं होतं. कडवळात बसले होते लपून. आईला सांगायचे, पोरगं घाबरून सायकल कशी मारत गेलं ते. हसायचे."

मला काही सुचेना. मग एकदम आठवलं. तात्यांनी १९८० नंतर पहिली द्राक्षबाग लावली. पहिला तोडा आला की एक पाटी माझ्या शाळेत यायची, दर साली, न चुकता. "पोरांना वाटा" असा निरोप. नानांशी बोलणं बंद होतं तेव्हाही यायची. मला वाटायचं, शाळेसाठी देतात.

आणि ती बाग कशावर आली? द्राक्षाला पाटाचं पाणी जमत नाही. पाट महिन्या-दीड महिन्यानं येतो अन् एकदम लोटतो. वेलीला थोडं थोडं, नेमानं लागतं. ते देते विहीर. आमच्या पाटाकडेच्या विहिरींना पाणी येतं ते पाटाच्या पाझरानं. मातीचा पाट, जेवढं वाहून नेतो तेवढाच जमिनीत जिरवतो. खात्याच्या हिशोबात ती गळती, आमच्या हिशोबात ती विहीर. तात्यांची विहीर या भगदाडापासून हाकेच्या अंतरावर आहे. ज्या पाण्यासाठी त्यांना दंड झाला तेच पाणी भरावाखालून मुरून, कोणाच्या अर्जाशिवाय, त्यांच्या विहिरीत येत राहिलं. त्यावर बाग झाली, बागेवर घर झालं. नानांनाही ते माहीत होतं. निवृत्त झाल्यावर ते त्या विहिरीवर जाऊन बसायचे. तात्या मोटार चालू करायचे. दोघं न बोलता पाणी बघायचे.

आता काही ठिकाणी पाटाला सिमेंटचं अस्तर करायचं चाललंय. गळती थांबेल, टेलला पाणी जाईल. ते न्यायाचंच आहे. टेलच्या माणसाच्या शिव्या मी लहानपणी ऐकल्या आहेत. पण अस्तर झालं की कडेच्या विहिरी आटतील, हेही खरं. खाली जायकवाडीचा हक्क आहे, वर नाशिक शहराची तहान आहे. २००५ च्या कायद्यानं समन्यायी वाटपाचा शब्द आणला आणि दर कमी पावसाच्या सालात नाशिक, नगर अन् मराठवाडा कोर्टाच्या दारात उभे राहू लागले. नानांच्या आणि तात्यांच्या मधलं भांडणच ते, फक्त मोठं झालंय. त्यातही दोन्ही बाजूंनी सख्खेच आहेत.

संध्याकाळी घरी पोचलो. पुतण्यानं हर्क्युलस पडवीत लावली, फडक्यानं पुसली. म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी कोपरगावपर्यंत जाऊ. टेलला." मी म्हटलं, "बाभळी तोडायला कोयता घेऊन चल." त्याच्या आईनं द्राक्षांची पाटी भरून ठेवली होती. "शाळेत देऊन या," म्हणाली. मला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तिला ते माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती पाटी नानांच्या सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि शाळेत नेऊन दिली.